फेंडर चॅम्प ५एफ१: जुना व्हॉल्व्ह ॲम्प तपासणे, दुरुस्त करणे आणि २३० व्होल्टच्या घरात चालवणे

तीन व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), आवाजाचा एकच नॉब आणि आठ इंची स्पीकर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये फेंडरने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६४ पर्यंत हा चॅम्प बनवला, तो शिकाऊ गिटारवादकांसाठी. ताकद सुमारे ५ वॅट. टोन कंट्रोल नाही, रिव्हर्ब नाही, स्टँडबाय स्विचही नाही. नॉब अर्ध्यापुढे नेला की हातातला जोर जसा असेल तसा आवाज खरखरीत होत जातो आणि बोट हलके केले की पुन्हा स्वच्छ होतो. घरातल्या खोलीत हा परिणाम मिळतो, म्हणून रेकॉर्डिंग करणारे लोक हा ॲम्प आजही शोधतात.

इतक्या थोड्या भागांच्या सर्किटमध्ये प्रत्येक भागाचा आवाजात वाटा असतो. म्हणून 'जुने सगळे काढून नवे टाका' ही पद्धत इथे नुकसान करते. 'मिळाला तसा लावून तर बघू' ही पद्धत मात्र जीव घेऊ शकते. खालच्या क्रमात आधी माणसाची सुरक्षा येते, मग ट्रान्सफॉर्मरची, आणि त्यापुढे मीटरने दोष दाखवला तरच भाग बदलायचा.

आत ३५० व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि ॲम्प बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहू शकतो. घरातल्या विजेच्या कामाचा सराव नसेल तर हा लेख व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि त्याच्या शेजारी बसून काम करून घ्या. एकट्याने, रात्री दमलेले असताना किंवा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हे काम करू नका.

सर्किट आधी समजून घ्या

५एफ१ या नावात ५ म्हणजे पन्नासचे दशक, एफ म्हणजे सर्किटची आवृत्ती आणि १ म्हणजे चॅम्प. गिटारचा सिग्नल ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हच्या पहिल्या अर्ध्या भागात जातो. तिथून ०.०२ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरमधून १ मेगओहमच्या व्हॉल्यूम पॉटवर (नॉबमागचा बदलता रेझिस्टर), मग १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्या भागात, पुन्हा ०.०२ च्या कपॅसिटरमधून ६व्ही६जीटी या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (ग्रिड, प्लेट, कॅथोड आणि स्क्रीन हे व्हॉल्व्हच्या आतले भाग) आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला. १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटना १०० किलोओहम आणि दोन्ही कॅथोडना १.५ किलोओहमचे रेझिस्टर आहेत. ६व्ही६ च्या ग्रिडवर २२० किलोओहम, कॅथोडला ४७० ओहम आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. स्पीकरच्या बाजूने २२ किलोओहममधून थोडा सिग्नल १२एएक्स७ च्या दुसऱ्या कॅथोडवर परत येतो. हा निगेटिव्ह फीडबॅक.

वीजपुरवठ्यात ३२५-०-३२५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ५वाय३जीटी हा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह. त्यापुढे १६ मायक्रोफॅरडचा पहिला फिल्टर कपॅसिटर, १० किलोओहम, ८ मायक्रोफॅरडचा दुसरा, २२ किलोओहम, ८ मायक्रोफॅरडचा तिसरा. पहिल्यावरून आउटपुट ट्रान्सफॉर्मरला दाब मिळतो, दुसऱ्यावरून ६व्ही६ च्या स्क्रीनला, तिसऱ्यावरून १२एएक्स७ ला. हा नकाशा एका कागदावर स्वतः काढून समोर चिकटवा. पुढे प्रत्येक पायरीला त्याकडे बघावे लागते.

पहिली पायरी: ओळख आणि वय

खोक्याच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या कागदी तक्त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. पहिले अक्षर वर्षाचे: ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, याच ओळीत एच म्हणजे १९५८ आणि एन म्हणजे १९६४. दुसरे अक्षर महिन्याचे: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. 'एचसी' असेल तर मार्च १९५८.

ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवरच्या आकड्यांशी हे ताडून बघा. ६०६ ने सुरू होणारा आकडा शूमाकर कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरचा, २२० जेन्सनच्या स्पीकरचा, ४६५ ऑक्सफर्डच्या स्पीकरचा. पुढचा एक अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि त्यापुढचे दोन अंक आठवडा. म्हणजे ६०६८१३ हा १९५८ च्या तेराव्या आठवड्याचा ट्रान्सफॉर्मर असू शकतो. सुटे भाग खोक्याच्या आधी काही महिने बनलेले असणे स्वाभाविक आहे. स्पीकर खोक्यापेक्षा चार वर्षांनी तरुण निघाला तर तो बदललेला आहे. वाजायला त्याने काही बिघडत नाही, पण किमतीत फरक पडायला हवा. खरेदी करताना सर्वांत जास्त वजन दोन मूळ ट्रान्सफॉर्मरना द्या. फाटका स्पीकर, मळके कापड, तुटका हँडल या गोष्टी सुधारता येतात.

दुसरी पायरी: वीज न लावता तपासणी

हत्यारे फार लागत नाहीत. १००० व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा चांगल्या कंपनीचा मल्टिमीटर, क्लिप लावलेल्या दोन वायरी, ४० ते ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, राळेचे फ्लक्स असलेले ६०/४० सोल्डर आणि बांबूची एक लांब काडी. डबीतली सोल्डरिंग पेस्ट या कामात वापरू नका. तिच्यातले आम्ल जुन्या फायबर बोर्डमध्ये मुरते आणि पुढे दोन बिंदूंमध्ये विजेची गळती सुरू होते.

ॲम्प ताजाच आलेला असला तरी कपॅसिटर भरलेले आहेत असे धरूनच सुरुवात करा. मेनची वायर भिंतीतून काढा. क्लिपवायरचे एक टोक चॅसिसला (ॲम्पच्या आतल्या धातूच्या चौकटीला) लावा, मग एक हात पाठीमागे ठेवून दुसरे टोक १२एएक्स७ च्या १ नंबरच्या पिनला. १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून तिन्ही कपॅसिटर हळूहळू रिकामे होतात. अर्धा मिनिट थांबा आणि तिन्हींवर मीटर लावून दाब ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. पेचकसाने थेट शॉर्ट करू नका, ठिणगीने कपॅसिटर आणि जोड दोन्ही खराब होतात. चालू असलेला ॲम्प बंद केला की गरम व्हॉल्व्ह बराचसा साठा स्वतःच ओढून घेतात. व्हॉल्व्ह काढून चाचणी केली असेल तेव्हा मात्र तो दाब तसाच टिकतो.

आता सर्व बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक सोल्डरचा जोड दिसेल असे. मग मोजणी:

- ६व्ही६ च्या ३ नंबर पिनपासून पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकापर्यंत काही शे ओहम यायला हवेत. मीटरने 'ओपन' दाखवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी वेटोळे तुटलेले आहे.
- ५वाय३ च्या ४ आणि ६ नंबर पिनपासून चॅसिसपर्यंतचे दोन आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. थोडा फरक चालतो, दुपटीचा चालत नाही.
- मेनच्या दोन्ही पिनांपासून चॅसिसपर्यंत काहीही जोड दिसता कामा नये.
- स्पीकरची वायर सोडवून त्याचा डीसी रोध मोजा. ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे ३ ते ३.५ ओहम येतात.

रेझिस्टर जागेवरच मोजताना एक गोष्ट उपयोगी पडते. सर्किटमधल्या इतर वाटा समांतर येत असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, जास्त कधीच नाही. म्हणून १०० किलोओहमचा रेझिस्टर जागेवर १३५ दाखवत असेल तर तो नक्की वाढलेला आहे. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वयाने वाढतातच. २० टक्क्यांपर्यंतची वाढ सोडून द्या. ४७० ओहमचा कॅथोड रेझिस्टर मात्र नेमका किती आहे ते लिहून ठेवा, पुढच्या हिशेबात तोच लागतो.

तिसरी पायरी: तीन तारांची मेन वायर

मूळ ॲम्पला दोन पिनांची वायर असते, म्हणजे चॅसिसला अर्थिंग नाही. गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटे तारांवर. आत कुठे गळती झाली तर वीज वादकाच्या शरीरातूनच वाट काढणार. ही वायर बदलणे ऐच्छिक नाही, आणि त्याने ॲम्पचे 'मूळपण' कमी होते असे मानणारा गिऱ्हाईक सोडून दिलेला बरा.

फेजची तार आधी फ्यूजला, फ्यूजवरून स्विचला, स्विचवरून ट्रान्सफॉर्मरला. न्यूट्रल थेट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. हिरवी-पिवळी अर्थिंगची तार चॅसिसवर स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून आवळा. ट्रान्सफॉर्मर धरणाऱ्या बोल्टवर ती लावू नका, कारण तो बोल्ट ढिला होत जातो. आतमध्ये अर्थिंगची तार बाकीच्या दोन्हींपेक्षा दोन इंच लांब ठेवा. बाहेरून वायर ओढली गेली तर सर्वांत शेवटी तीच तुटावी. वायर चॅसिसमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि आतून पक्की पकड हवी.

मेनच्या एका तारेपासून चॅसिसला जोडलेला ०.०४७ किंवा ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला तर तो कापून काढा. त्याची जागा भरायची नाही. तो शॉर्ट झाला की चॅसिसवर थेट मेनचा दाब येतो.

फ्यूज ११० व्होल्टवर १ अँपिअरचा, स्लो-ब्लो (क्षणिक झटक्याने न उडणारा) पुरेसा आहे. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे हा ट्रान्सफॉर्मर जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

चौथी पायरी: ११७ व्होल्टचा ॲम्प २३० व्होल्टच्या देशात

इथे भारतात सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर. चॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर पडणारा चुंबकीय ताण व्होल्टला हर्ट्झने भागून ठरतो. ११७ भागिले ६० म्हणजे १.९५. आपल्याकडे ११० व्होल्ट दिले तर ११० भागिले ५० म्हणजे २.२, जणू अमेरिकेत त्याला १३२ व्होल्ट लावल्यासारखे. लोखंड संपृक्त होऊ लागते, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. दाब फार कमीही करता येत नाही, कारण व्हॉल्व्हचे हीटर ६.३ व्होल्टच्या १० टक्के आतबाहेरच नीट चालतात. १०० व्होल्टवर हीटरला सुमारे ५.४ मिळतात, हे कमी पडते. ११० व्होल्टवर ५.९ मिळतात, हे चालते. त्यामुळे १०६ ते ११० व्होल्ट हा व्यवहार्य पट्टा आहे.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना तीन गोष्टी बघा. क्षमता किमान १०० व्हीए, शक्यतो १५०. वेटोळी दोन, एकमेकांपासून अलग. ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको, कारण त्यात फेज-न्यूट्रल उलटे लागले तर ॲम्पच्या दोन्ही तारांवर जमिनीच्या तुलनेत मोठा दाब येतो. आणि अर्थिंगची तार भिंतीपासून ॲम्पच्या सॉकेटपर्यंत अखंड आलेली हवी. बाजारातल्या बऱ्याच स्टेप-डाउनना बाहेर पडणाऱ्या बाजूला दोनच भोके असतात; तशा डब्याने तिसऱ्या पायरीतले सगळे काम वाया जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर मागणीप्रमाणे वेटोळे करून देणारे मिळतात. २३० ते १०८ व्होल्ट, १५० व्हीए, आयसोलेटेड, असे स्पष्ट लिहून द्या.

ॲम्प लावून, चालू स्थितीत दाब मोजा. संध्याकाळी मेन २४५ पर्यंत चढत असेल तर तेव्हाही मोजा. अर्धा तास वाजवून ॲम्प बंद करा, वायर काढा आणि मेन ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवा. दहा सेकंद धरवत नसेल किंवा मेण-वार्निशचा वास येत असेल तर दाब जास्त आहे.

रोज वाजवायचा असेल तर याहून चांगला उपाय आहे. २३०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रायमरीचा नवा मेन ट्रान्सफॉर्मर बसवा आणि मूळ ट्रान्सफॉर्मर जपून ठेवा. तसे केले तर फ्यूज ०.५ अँपिअरचा आणि स्विचसह व्हॉल्यूम पॉट २५० व्होल्टला चालणारा घ्या. मूळ पॉटवरचा स्विच १२५ व्होल्टच्या हिशेबाने बनलेला आहे.

पाचवी पायरी: कपॅसिटर

साठ वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक फिल्टर कपॅसिटर बदलायचेच. हळूहळू दाब चढवून ते 'जागे' करण्याचा सल्ला काही जण देतात. या वयाच्या भागांवर तो विश्वास टाकू नका. आतले द्रव्य सुकलेले असते आणि एक कपॅसिटर शॉर्ट झाला की रेक्टिफायर आणि मेन ट्रान्सफॉर्मर दोन्ही सोबत जातात. एक मूळ ट्रान्सफॉर्मर गमावण्यापुढे तीन कपॅसिटरची किंमत काहीच नाही.

१६ च्या जागी १६ किंवा २२ मायक्रोफॅरड, ८ च्या जागी ८ किंवा १०. पहिला याहून मोठा नको. ५वाय३ ला सुमारे २० मायक्रोफॅरडची सवय आहे. तिथे ४७ घातला तर चालू करताना व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडते. शिवाय जोरात वाजवताना दाब किंचित खाली बसतो आणि सूर दबून पुन्हा फुलतो, तो गुण कमी होतो.

दाबाची मर्यादा ५०० व्होल्ट घ्या. ३२५ गुणिले १.४१४ म्हणजे सुमारे ४६० व्होल्ट. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, ६व्ही६ ला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात कपॅसिटरवर चालू स्थितीपेक्षा बराच जास्त दाब येतो. दुकानात ४५० व्होल्टचे सहज मिळतात, ५०० चे मागवून घ्यावे लागतात. मागवाच. जुन्या बोर्डावर काढून पुन्हा विकलेले कपॅसिटर ओळखायला पाय बघा: कापलेले किंवा सोल्डर लागलेले नकोत.

६व्ही६ च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचाही त्याच वेळी बदला. तो सुकला की आवाज पातळ होतो, शॉर्ट झाला की ६व्ही६ ची प्लेट लाल होते. इथे ५० व्होल्टचा घ्या. २५ व्होल्टच्या भागावर २० व्होल्ट कायम ठेवणे काठावरचे आहे.

कपलिंगचे दोन ०.०२ वाले मात्र आत्ता बदलू नका. त्यांची चाचणी पुढे आहे.

सहावी पायरी: पहिल्यांदा वीज

इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड इथे हवा: फेजच्या वाटेत एक तारेचा बल्ब, सीएफएल किंवा एलईडी नाही. स्टेप-डाउनची पिन या बोर्डात लावा. स्पीकर जोडलेला हवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्पीकरशिवाय चालवायचा नाही, चाचणीतसुद्धा नाही.

आधी ६० वॅटचा बल्ब आणि तिन्ही व्हॉल्व्ह काढलेले. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून जवळपास विझायला हवा. उजळच राहिला तर लगेच बंद करा. मेन ट्रान्सफॉर्मरमध्ये, हीटरच्या वायरीत किंवा स्टेप-डाउनमध्येच शॉर्ट आहे. विझला तर एसी मोजा: हीटरवर सहाच्या पुढे, ५वाय३ च्या २ आणि ८ मध्ये पाचच्या आसपास, ४ आणि ६ पासून चॅसिसला प्रत्येकी ३०० ते ३३०. ४ आणि ६ च्या मध्ये मीटर लावू नका, तिथे ६५० व्होल्टपर्यंत दाब असतो.

बंद करा, तिन्ही व्हॉल्व्ह बसवा, बल्ब १०० वॅटचा लावा. आता बल्ब चांगला पेटेल, कारण थंड हीटर जास्त वीज ओढतात, आणि अर्ध्या मिनिटात मंद होईल. मंद न होता पुन्हा वाढत गेला तर उच्च दाबाच्या बाजूला शॉर्ट आहे. सगळे ठीक असेल तर सिरीज बोर्ड काढून थेट स्टेप-डाउनवर चालू करा, खोलीतला दिवा कमी करा आणि पाच मिनिटे ६व्ही६ कडे बघत राहा. हीटरचा नारिंगी उजेड असणारच. बाहेरची करडी प्लेट लालसर दिसली तर ताबडतोब बंद.

सातवी पायरी: दाब मोजणे आणि ६व्ही६ चा हिशेब

काळी प्रोब क्लिपने चॅसिसला, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात लांब. व्हॉल्यूम शून्यावर. चांगल्या चॅम्पमध्ये साधारण असे आकडे येतात:

- पहिला फिल्टर कपॅसिटर ३३० ते ३६० व्होल्ट
- ६व्ही६ ची प्लेट, पिन ३: त्याहून दहा-पंधरा व्होल्ट कमी
- ६व्ही६ चा स्क्रीन, पिन ४: २८५ ते ३१०
- ६व्ही६ चा ग्रिड, पिन ५: शून्य
- ६व्ही६ चा कॅथोड, पिन ८: १८ ते २१
- तिसरा फिल्टर कपॅसिटर २३० ते २६५
- १२एएक्स७ च्या प्लेट, पिन १ आणि ६: १४० ते १७५
- त्याचे कॅथोड, पिन ३ आणि ८: १.२ ते १.७

समजा पिन ३ वर ३४०, पिन ८ वर १९ आणि कॅथोड रेझिस्टर नेमका ४७० आहे. १९ भागिले ४७० म्हणजे ४०.४ मिलिअँपिअर. त्यातले अडीच स्क्रीनचे वजा करा, उरले ३७.९. प्लेट आणि कॅथोडमधला दाब ३२१. गुणाकार १२.२ वॅट. ६व्ही६जीटी ची जुन्या पद्धतीने छापलेली मर्यादा १२ वॅट, नंतरच्या पद्धतीने १४. चॅम्पसारख्या एकेरी आउटपुटच्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह मर्यादेजवळच चालतो, तसाच तो योजलेला आहे. १४ च्या वर गेला तर आधी मेनचा दाब बघा, मग ५वाय३. नव्या बनावटीच्या काही ५वाय३ मध्ये आत दाबाची घट कमी होते, त्यामुळे पुढे जास्त व्होल्ट येतात. त्याच कारणाने इथे जीझेड३४ हा रेक्टिफायर लावू नका. ५यू४ तर मुळीच नको, त्याचा हीटर २ ऐवजी ३ अँपिअर ओढतो. ६व्ही६ च्या जागी ६एल६ बसतो म्हणून लावणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे: ०.४५ च्या जागी ०.९ अँपिअर.

आता कपलिंग कपॅसिटर. ॲम्प बंद करा, ६व्ही६ काढा, बाकीचे दोन व्हॉल्व्ह ठेवून चालू करा आणि रिकाम्या सॉकेटच्या ५ नंबरवर डीसी मोजा. सुरुवातीचा झटका ओसरल्यावर शून्य यायला हवे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त टिकून राहिले तर दुसरा कपॅसिटर गळतो. ग्रिड धन होऊन ६व्ही६ जास्त वीज ओढतो. पहिल्याची चाचणी व्हॉल्यूम पॉटवर: वरच्या टोकाला डीसी दिसला तर तो गळतो. पॉट फिरवताना येणारी खरखर क्लीनर मारूनही जात नसेल तर दोष बहुधा पॉटचा नसून याच कपॅसिटरचा असतो. बदली ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, फिल्म. दोन्ही शून्य दाखवत असतील तर राहू द्या. चाचणी संपली की क्लिपवायरने कपॅसिटर रिकामे करा, मगच ६व्ही६ परत बसवा.

गुणगुण, खरखर आणि शिट्टी

गुणगुण कानाने ओळखता येते, आणि गिटार हातात असेल तर सोपे जाते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्या सुराशी जुळत असेल तर ती १०० हर्ट्झची आहे, म्हणजे रेक्टिफायरनंतरची: फिल्टर कपॅसिटर किंवा त्यांची अर्थिंग. त्याहून एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची, म्हणजे हीटर, ढिले इनपुट जॅक किंवा गिटारची वायर. अमेरिकेत बनलेली मार्गदर्शने ६० आणि १२० चे आकडे देतात, ते इथे लागू नाहीत.

व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर गुणगुण गेली तर ती पहिल्या टप्प्यातून येते. राहिली तर पुढून. चॅम्पमध्ये हीटरचे एक टोक चॅसिसला जोडलेले असते, त्यामुळे थोडी ५० हर्ट्झची गुणगुण मूळचीच आहे. ती कमी करायची तर तो जोड सोडवा आणि हीटरच्या दोन्ही टोकांपासून चॅसिसला १०० ओहम, अर्ध्या वॅटचा एकेक रेझिस्टर लावा. पायलट दिव्याच्या होल्डरमधूनही एक टोक चॅसिसला गेलेले असते, तेही सोडवा; ते विसरले तर गुणगुण कमी होणार नाही.

तव्यावर पाणी पडल्यासारखी तडतड बहुतेक वेळा १२एएक्स७ च्या १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरमधून येते. बांबूच्या काडीने एकेक भाग हलके टोचून बघा. त्याआधी १२एएक्स७ बदलून पाहा. व्हॉल्व्हवर टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखे झाले तर दोष त्याचा. युरोपीय नावाने हाच व्हॉल्व्ह ईसीसी८३, आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला होता. जुन्या रेडिओवाल्यांच्या कपाटात असे न वापरलेले व्हॉल्व्ह अजून सापडतात.

मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात एक वेगळाच दोष दिसतो. चॅम्पचा बोर्ड मेण लावलेल्या काळ्या फायबरचा असतो. तो ओलावा पितो आणि किंचित वीजवाहक होतो. आवाजात अधूनमधून फुसफुस येते, दाब भरकटतात आणि भाग बदलून काहीच सुधारत नाही. ॲम्प चालू असताना लाल प्रोब बोर्डाच्या मोकळ्या पृष्ठभागावर, कुठल्याही जोडापासून दूर टेकवा. तिथे काही व्होल्ट दिसले तर बोर्ड ओला आहे. ॲम्प बंद करून कपॅसिटर रिकामे करा, हेअर ड्रायरने मंद उष्णतेवर अर्धा-पाऊण तास सुकवा, मेण वितळू न देता. नंतर पुन्हा मोजा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास वाजवलेला ॲम्प हा दोष सहसा दाखवत नाही.

नव्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरनंतर चालू करताच मोठी शिट्टी आली तर फीडबॅक उलटा लागला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल करा, एवढेच. याउलट आवाज पूर्ण बंद आणि ६व्ही६ च्या आतली जाळी लाल झाली असेल तर पिन ३ वर दाब आहे का बघा. प्रायमरी तुटले की प्लेटची वीज स्क्रीनवर येते आणि व्हॉल्व्ह काही मिनिटांत जातो.

स्पीकर आणि वाजवणे

मूळ स्पीकर ३.२ ते ४ ओहमचा, आठ इंची. कागदाला छोटी चीर असेल तर टिश्यू पेपर आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद मागच्या बाजूने लावा. जाड थर नको, कागद जड होतो. कोन हलकेच आत दाबल्यावर घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय, तिथे घरगुती उपाय नाही. मूळ स्पीकर जपायचा असेल तर ४ ओहमचा बारा इंची स्पीकर वेगळ्या खोक्यात लावून बघा. त्याच ५ वॅटचा खर्ज किती भरतो, ते ऐकण्यासारखे आहे.

दोन इनपुटपैकी पहिल्यात पूर्ण सिग्नल जातो, दुसऱ्यात निम्मा. हंबकरच्या (दुहेरी कॉइलच्या, जोरदार सिग्नल देणाऱ्या पिकअपच्या) गिटारने आवाज लवकर फाटत असेल तर दुसरे वापरा. नॉबवर १ ते १२ आकडे आहेत. ॲम्प ८ च्या पुढे ठेवून आवाज गिटारच्या नॉबने कमी-जास्त करायला शिका, चॅम्पची खरी गंमत तिथे आहे. ५ वॅट ऐकायला कमी वाटले तरी फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना पुरून उरतात. रेकॉर्डिंगला शुअर एसएम५७ सारखा साधा माइक जाळीपासून दोन-तीन इंचांवर, कोनच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवा.

काढलेले सगळे मूळ भाग एका पाकिटात घालून, कुठला कुठून काढला ते लिहून, खोक्याच्या आतच ठेवा. त्याच पाकिटात तारखेसह मोजलेल्या दाबांचा कागदही असू द्या. दोन वर्षांनी आवाज बदलल्यासारखा वाटला तर पुढची तपासणी त्या आकड्यांपासून सुरू होते.